जुन्या जीपचे क्राउन-पिनियन बदलताना: रेशोची निवड आणि जुळवणी

सातारा जिल्ह्यात जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आजही बऱ्याच घरांच्या अंगणात उभ्या आहेत, आणि त्या बाळगणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोन प्रकारच्या असतात. पहिली तक्रार महामार्गाने वारंवार पुण्याला जाणाऱ्यांची. गाडी ऐंशीच्या वेगाला पोहोचते खरी, पण टॉप गियरमध्येही इंजिन इतके ओरडते की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. दुसरी तक्रार कास, ठोसेघर, पाटण या भागांतल्या रस्त्यांसाठी मोठे टायर बसवलेल्यांची. टायर दिसायला भारदस्त असतात, पण सज्जनगडाच्या चढाला जिथे पूर्वी गाडी तिसऱ्या गियरमध्ये सुखाने जात होती, तिथे आता दुसरा टाकावा लागतो आणि क्लच तापतो. दोन्ही तक्रारींवर उपाय एकच, म्हणजे दोन्ही आक्सलमधला (चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यांमधला) क्राउन-पिनियनचा, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चाकांचा, जोड बदलून रेशो (त्यांच्या दातांचे प्रमाण) बदलणे. फरक एवढाच की एकाने आकडा कमी करायचा असतो आणि दुसऱ्याने वाढवायचा.

हे काम ताकदीचे कमी आणि मोजमापाचे जास्त आहे. पान्हा फिरवता येणाऱ्या कोणालाही क्राउन-पिनियन बाहेर काढता येते, पण नवा जोड शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने बसवणे हे खरे काम असते. इथे दिलेले आकडे आणि पद्धत विलिज या मूळ अमेरिकन जीपच्या वंशातल्या गाड्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या डाना ४४ जातीच्या मागच्या आक्सलला धरून आहेत. आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असेल, तर अंतिम आकडे त्यातलेच घ्यावेत.

आधी आहे तो रेशो मोजावा

रेशो म्हणजे क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८, ४१ आणि ९ असतील तर ४.५६, ४७ आणि ११ असतील तर ४.२७. आकडा मोठा असला की ओढ जास्त आणि वेग कमी, आकडा लहान असला की याच्या उलट. विलिज सीजे-३बीला कारखान्यातून ५.३८ चा जोड येत असे, पण चाळीस-पन्नास वर्षांत गाडी किती हातांतून गेली आणि कोणी कुठला आक्सल बसवला हे कागदावर सापडत नाही. म्हणून ऐकीव माहितीवर जोड विकत घेऊ नये.

मोजण्याची रीत सोपी आहे. मागचे एक चाक उचलून गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा, चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (आक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर) खडूने खूण करावी, आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनचा एक फेरा होतो. शाफ्टचे पाच फेरे पूर्ण होऊन सहाव्याचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग झाला, तर रेशो ५.३८ आहे, आणि पाच फेऱ्यांना थोडेसे कमी पडले, तर ४.८८.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते. या जुन्या जीपपैकी अनेकींचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या आक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीमागे) प्रोपेलर शाफ्टवर असतो. असा हँडब्रेक मागचे एक चाक जमिनीवरून उचलताच गाडी धरून ठेवत नाही, कारण डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) उचललेल्या चाकाला मोकळे फिरू देतो आणि जमिनीवरचे चाकही सुटते. शिवाय मोजताना शाफ्ट फिरायला हवा म्हणून हा ब्रेक सोडावाच लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नये, आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये, आक्सलखाली मजबूत स्टँड लावावेत.

नवा रेशो ठरवताना

कंपनीने छापलेल्या टायरच्या व्यासावर हिशेब करू नये, कारण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो. टायरमध्ये नेहमीची हवा भरून, वाल्वची नळी अगदी खाली असताना जमिनीवर खूण करावी, गाडी सरळ ढकलून नळी पुन्हा खाली आल्यावर दुसरी खूण करावी आणि मधले अंतर मोजावे. समजा हे अंतर २.२५ मीटर आले. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ५९३ फेरे. टॉप गियर सरळ, म्हणजे एकास एक, असेल तर ५.३८ ला इंजिनचे फेरे सुमारे ३,१८५ होतात, ४.८८ ला २,८९० आणि ४.२७ ला २,५३०. जुन्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला ३,२०० आणि २,५०० यांतला फरक किती मोठा आहे, हे ते तासभर चालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र या सोयीची किंमत ओढीत मोजावी लागते. ५.३८ वरून ४.२७ वर आल्यास प्रत्येक गियरमध्ये चाकाशी मिळणारी ओढ सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट जी गाडी तिसऱ्या गियरमध्ये चढते, ती पुढे कदाचित दुसऱ्यात चढेल, आणि वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला माणसे भरून जायचे असेल तर हा फरक आणखी जाणवेल. माझे मत असे की जिचा निम्म्याहून अधिक प्रवास घाटात आणि शेतरस्त्यांवर होतो, त्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी ४.८८ हा समंजस मध्यम मार्ग आहे. ४.२७ चा विचार चांगल्या स्थितीतले, खालच्या फेऱ्यांवर ओढणारे डिझेल इंजिन असेल तरच करावा.

मोठे टायर बसवलेल्यांचा हिशेब उलट दिशेचा आहे. जुना रेशो घ्यावा, त्याला नव्या टायरच्या परिघाने गुणावे आणि जुन्या टायरच्या परिघाने भागावे. परिघ २.२५ वरून २.४० मीटर झाला असेल आणि जुना रेशो ४.८८ असेल, तर उत्तर ५.२ येते. तेवढाच जोड मिळत नाही, म्हणून जवळचा ५.३८ घ्यावा. जुना ४.२७ असेल तर उत्तर ४.५६ येते आणि तो जोड असतोच.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. डाना ४४ मध्ये रेशो बदलला की पिनियनची जाडी बदलते आणि त्यानुसार क्राउन किती आत बसतो हेही बदलते, म्हणून डिफरन्शियलचे केस (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) दोन प्रकारचे येतात. ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंसाठी एक, ३.९२ आणि त्यावरच्या रेशोंसाठी दुसरे. त्यामुळे ५.३८ वरून ४.८८ किंवा ४.२७ वर जाताना जुने केस चालते, पण ३.७३ वर जायचे ठरवल्यास केससुद्धा बदलावे लागते.

दोन्ही आक्सल, एकच रेशो

जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ राहिले, तर शंभर मीटर जाताना एका टोकाला दुसऱ्यापेक्षा सुमारे दहा मीटर जास्त जायचे असते. चिखलात चाके घसरून हा फरक काही काळ पचतो, पण कातळावर किंवा डांबरावर तो पचत नाही. मग ट्रान्सफर केसचा लिव्हर अडकतो, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस तुटतात आणि कधी दातही जातात. ४.०९ आणि ४.१० यांच्यातल्यासारखा अगदी किरकोळ फरक चालून जातो, त्याहून मोठा चालत नाही. पैशाअभावी आधी मागचाच आक्सल करायचा असेल, तर पुढचा आक्सल होईपर्यंत पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढूनच ठेवावा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी नकळत फोर-व्हील टाकले तरी नुकसान होणार नाही.

काही जण जोड न बदलता हव्या त्या रेशोचे अख्खे आक्सल दुसऱ्या गाडीवरून आणून बसवतात. आक्सल चांगले मिळाले तर हा मार्ग वाईट नाही, कारण जुळवणी कारखान्याची असते, पण स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक, चाकांमधले अंतर, ब्रेकच्या नळ्या आणि शाफ्टची लांबी जुळते का हे आणण्यापूर्वी टेपने मोजून पाहावे.

उघडण्याची तयारी

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसलेला जोड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. सोबत पिनियनची दोन्ही आणि बाजूची दोन्ही बेअरिंग, ऑइल सील, शिमचा (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्यांचा) संच, क्राउनचे नवे बोल्ट आणि पिनियनचे नवे नट घ्यावे. हत्यारांमध्ये टॉर्क रेंच, चुंबकी स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर, हब पुलर आणि बेअरिंग पुलर लागतात. ही घरी नसतात, पण सातारा, कऱ्हाड, मिरज किंवा ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) एखाद्या लेथवाल्याकडे प्रेस आणि डायल गेज दोन्ही असतात, आणि नीट सांगितले तर तो माणूस आवडीने मदत करतो.

मागच्या आक्सलमध्ये हब टेपर शाफ्टवर चावीसह बसलेले असेल, तर ते पुलरनेच काढावे. शाफ्टच्या टोकावर घण मारल्यास तो धक्का आत मधल्या थ्रस्ट ब्लॉकवर जातो. ब्रेकप्लेटमागच्या शिम कोणत्या बाजूच्या आणि किती, हे लिहून ठेवावे, कारण शाफ्टची आत-बाहेर हालचाल त्यांवर ठरते. झाकण काढून तेल सोडल्यावर बाजूच्या बेअरिंग कॅपवर आणि हाउसिंगवर कोरलेली अक्षरे पाहावीत. एका बाजूची अक्षरे आडवी आणि दुसऱ्या बाजूची उभी असतात. कॅप त्याच जागी, त्याच दिशेने परत बसले पाहिजेत. सुटे करण्यापूर्वी जुन्या जोडाचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजने मोजून वहीत लिहावा, आणि निघालेल्या प्रत्येक शिमची जाडी व जागाही लिहावी. पुढच्या सगळ्या कामाचा आरंभबिंदू ही वही असते.

पिनियनची खोली

पिनियन क्राउनमध्ये किती आत जाईल, हे आतल्या बेअरिंगच्या कपमागच्या शिमवर ठरते. शिम वाढवली की पिनियन क्राउनकडे सरकते. पिनियनच्या डोक्यावर शून्य, किंवा अधिक-उणे चिन्हासह एखादा आकडा कोरलेला असतो. तो इंचाच्या हजाराव्या भागात असेल, तर एक म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटर. अधिक आकड्याला तेवढी शिम कमी, उणे आकड्याला तेवढी जास्त. जुन्या पिनियनवर अधिक दोन आणि नव्यावर उणे एक असेल, तर जुन्या शिमपेक्षा तीन हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटर, जास्त शिम घालून सुरुवात करावी.

ही सुरुवात आहे, शेवट नव्हे, हे मला नुकसान सोसून कळले. माझ्या जीपचा मागचा आक्सल पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये करून घेतला, तेव्हा नव्या पिनियनखाली जुन्याच शिम जशाच्या तशा घालण्यात आल्या आणि दातांचा ठसा (रंग लावून दात कुठे टेकतात ते) पाहिलाच गेला नाही. दुसऱ्या दिवशी ताशी पन्नासला अॅक्सिलरेटर सोडला की मागून बारीक, वरच्या पट्टीतली किंकाळी यायची. 'नवे आहे, घासून बसेल' असे सांगण्यात आले. हजारएक किलोमीटरनंतर उघडले, तेव्हा क्राउनच्या दातांच्या माथ्याशी पोलादाचे बारीक कपचे निघालेले होते. चुकीच्या खोलीवर बसलेला जोड चालवून कधीही बसत नाही, तो फक्त झिजतो.

डाना ४४ मध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगमधला ताण बाहेरच्या शिमने साधला जातो. शिम कमी केली की ताण वाढतो. सील न घालता, फ्लँज (पिनियनच्या बाहेरच्या टोकाची, शाफ्ट जोडायची चकती) बसवून नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला घट्ट करावे आणि फिरण्याचा विरोध मोजावा. नव्या बेअरिंगला तो २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर हवा, जुनी ठेवली असतील तर साधारण निम्मा. इतक्या कमी मापाचा टॉर्क रेंच नसेल, तर फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती ताणकाट्याने एकसारख्या गतीने ओढावी. फ्लँजची त्रिज्या पाच सेंटिमीटर असेल, तर काटा साडेचार ते नऊ किलोच्या दरम्यान राहिला पाहिजे. बेअरिंगला आधी थोडे तेल लावून काही फेरे फिरवून मगच मोजावे.

क्राउन, बॅकलॅश आणि रंगाचा ठसा

केसच्या ज्या कडेवर क्राउन बसतो, ती बारीक तेलदगडाने पुसून तिच्यावर एकही खरवड राहू देऊ नये. क्राउन समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत ओढून घ्यावा, हातोडीने ठोकू नये. मग लॉकिंग द्रव लावून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करावेत.

बॅकलॅश ०.१३ ते ०.२३ मिलिमीटरच्या दरम्यान असावा आणि क्राउनवर चार ठिकाणी मोजावा. तो जास्त असेल तर क्राउनच्या बाजूला शिम वाढवून आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच कमी करून क्राउन पिनियनकडे सरकवावा. एका बाजूची ०.१० मिलिमीटर शिम दुसऱ्या बाजूला नेली, की बॅकलॅश सुमारे ०.०७ मिलिमीटरने बदलतो. या शिम बाजूच्या बेअरिंगमागे असल्याने प्रत्येक वेळी बेअरिंग ओढून काढावी लागते. म्हणून जुन्याच बेअरिंगची आतली बाजू लेथवाल्याकडून किंचित घासून घ्यावी, म्हणजे चाचणीसाठी ती हाताने सरकवता येतात, आणि माप पक्के झाल्यावरच नवी दाबून बसवावीत. हा खर्च नगण्य आहे आणि दिवसभराचा त्रास वाचवतो.

आता ठसा. क्राउनच्या तीन-चार दातांवर दोन्ही अंगांना पिवळा मार्किंग रंग पातळ लावावा. एकाने चिंधी धरून पिनियनच्या फ्लँजला थोडा अडथळा द्यावा आणि दुसऱ्याने पान्ह्याने क्राउन पुढे-मागे चार-पाच वेळा फिरवावा. अडथळा दिला नाही तर ठसा उमटतो, पण तो खरा नसतो. मग बॅटरीच्या उजेडात पाहावे. पिवळ्या रंगातून रंग पुसलेला लांबट, मऊ कडांचा डाग दिसतो. तो दाताच्या उंचीच्या मध्यावर असेल, माथा आणि मुळाशी दोन्हीकडे पिवळी पट्टी शिल्लक असेल, तर खोली बरोबर आहे. डाग मुळाशी जाऊन तिथे तीक्ष्ण रेघ झाली असेल, तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करावी. डाग माथ्याकडे चढून काठावर तुटला असेल, तर पिनियन बाहेर आहे, शिम वाढवावी. डाग लांबीत थोडा आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे असणे तितके गंभीर नाही, उंचीतला मध्य साधणे महत्त्वाचे. प्रत्येक वेळी पिनियनची शिम बदलली की बॅकलॅश पुन्हा मोजावा. चार-पाच वेळा उघडबंद करावी लागली तर त्यात कमीपणा नाही, मला दुसऱ्या वेळी सहा वेळा करावी लागली.

मागच्या आक्सलमध्ये दाताच्या बहिर्गोल बाजूचा ठसा अधिक महत्त्वाचा, कारण पुढे जाताना भार तिच्यावर येतो. या जुन्या जीपच्या पुढच्या आक्सलमध्ये मात्र हाउसिंग उलट दिशेने असल्याने पुढे जाताना भार अंतर्गोल बाजूवर येतो, म्हणून तिथे तीच बाजू आधी पाहावी. बाकी पद्धत तीच आहे, फक्त नकलमधून (पुढचे चाक वळवणाऱ्या भागातून) शाफ्ट सांध्यासह काढण्याचा वेळ वाढतो.

ठसा मनासारखा आला की शेवटची बेअरिंग, बाजूचा पुरेसा ताण आणि नवे सील घालून बंद करावे. कॅपचे बोल्ट साधारण ९५ ते १२० न्यूटन-मीटरला आवळावेत.

तेल आणि पहिले हजार किलोमीटर

आक्सलमध्ये जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे गियर ऑइल फिलरच्या भोकापर्यंत भरावे. हेच तेल जुन्या गियरबॉक्समध्ये सरसकट घालू नये. पितळी सिंक्रो (गियर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगा) असलेल्या बॉक्सला जीएल-४ योग्य असते.

पहिल्यांदा पंधरा-वीस किलोमीटर हलक्या हाताने, वेग बदलत चालवावे आणि अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्यावे. असे तीन-चार वेळा करावे. नवा जोड पहिल्या फेरीत बराच तापतो, आणि याच वेळी दाबून चालवल्यास दातांचा पृष्ठभाग जळतो. पहिले ८०० किलोमीटर ट्रॉली ओढू नये आणि भरल्या गाडीने आंबेनळीसारखा घाट करू नये.

स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालत असल्याने त्याला नवा रेशो कळत नाही. ५.३८ काढून ४.२७ घातले असेल, तर काटा ६० दाखवताना गाडी खरी ७५ ने धावत असते. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीत हा फरक जिवावर बेतू शकतो. एकतर स्पीडोमीटरचे गियर बदलून घ्यावे, किंवा तोपर्यंत काचेवर नव्या वेगाच्या खुणा रंगवाव्यात. टायरचा आकार बदलला असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी तो विसंगत होत नाही ना, हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या दृष्टीने आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. जुन्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना हाच मुद्दा निघतो.

८०० किलोमीटरनंतर तेल गरम असतानाच स्वच्छ परातीत सोडावे आणि प्लगच्या चुंबकावर काय जमले आहे ते बोटांत चोळून पाहावे. राखाडी, मलमासारखी गुळगुळीत भुकटी ही नव्या दातांची पहिली घासणी असते, ती पुसून नवे तेल भरावे. बोटाला टोचणारे कण किंवा खवल्यासारखे चमकते तुकडे लागले, तर नवे तेल न भरता झाकण काढावे आणि रंगाचा ठसा पुन्हा घ्यावा.